पिकवणं, टिकवणं, दुरुस्त करणं: घरी करण्यात खरंच अर्थ आहे का?

ओलीमाती (धागाकर्ती)

मी कुंड्यांत टोमॅटो लावते, भाज्या मिठाच्या पाण्यात आंबवते, काही उकळून बाटल्यांत बंद करते, मोडक्या वस्तू उघडून बसते. परवा मैत्रिणीने विचारलं, "सगळं विकत मिळत असताना कशाला जीव घालवतेस?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता लिहिते.

गेल्या महिन्यात जुन्या लाकडी खुर्चीचा एक पाय डुगडुगायला लागला. पूर्वी मी सरळ खिळा ठोकला असता. या वेळी सांधा नीट निरखला. फटीत तपकिरी, काचेसारखा ठिसूळ झालेला सरस दिसला. हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, आणि ऊब आणि ओल मिळाली की तो मऊ पडतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याला गुंडाळलं, निवलं की बदललं. बऱ्याच वेळाने पाय अलगद हातात आला, लाकडाला चीरही गेली नाही. नवा सरस जुन्याच्या अंशावरही छान धरतो, म्हणून पुन्हा जोडणं सोपं गेलं. खिळ्याने लाकूड फाटलं असतं आणि पुढच्या माणसाला तो सांधा कधी उघडताच आला नसता.

वस्तू कशी बनली आहे हे मला हात घातल्यावरच कळतं. म्हणून मी हे करते.

रोखठोक

असहमत. खुर्चीचं वर्णन आवडलं, पण हे सगळ्यांना जमेल असं सांगू नका. टोमॅटोला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. माझ्या खिडकीत जेमतेम तीन तास येतं. दोन वर्षं खपलो, पानंच पानं, फळ नाही.

आणि दुरुस्तीबद्दल मला वेगळंच सांगायचं आहे. वडील गेल्यावर माळा रिकामा करायला आम्हाला चार रविवार लागले. सात बंद रेडिओ निघाले. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात, काय बिघडलंय ते लिहिलेलं. एकही सुरू झालेला नव्हता. 'कधीतरी करू' म्हणून साठवलेल्या वस्तूंचा भार शेवटी मागे राहिलेल्यांवर पडतो. सहा महिने हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर गेली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

मीठमाप

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून फक्त टिकवण्याबद्दल. आंबवण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भाजीच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ते ३० ग्रॅम, आणि भाजी पाण्याखाली बुडलेली. मग लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि तेच राखण करतं. मीठ मात्र काट्यावर तोलाच, चमच्याचा भरवसा नको.

हवाबंद बाटल्यांना माझा विरोध आहे. ज्या पदार्थाचा सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका पदार्थ कमी आंबट) ४.६ च्या वर आहे, उदाहरणार्थ शेंगा, मका, कंद, तो नुसता उकळून बाटलीत बंद करू नका. बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं सुप्त, चिवट रूप, १०० अंशांना मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेही तपासलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. त्याचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं हाही तसाच धोका. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने १८१० मध्ये बाटलीबंद अन्नाची पद्धत छापली तेव्हा अन्न का टिकतं हे कुणालाच माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्धशतकाने केला. आपल्याला कारण माहीत आहे, मग अंदाजाने का करायचं?

ओलीमाती

मीठमाप, पटलं. बाटल्या बंद करणं मी सोडून देते, आंबवणं चालू ठेवते.

रोखठोक, तीन तासांच्या उन्हात टोमॅटो नकोच, पालेभाजी किंवा पुदिना लावा. चिठ्ठ्यांचं वाचून मात्र मी बराच वेळ थांबले. तुमच्या वडिलांनी दुरुस्तीचं निम्मं काम केलं होतं हो, बिघाड ओळखला होता. अशा वेळी शेजारी बसणारं कुणी जाणकार लागतं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्त्मा यांनी 'रिपेअर कॅफे' सुरू केलं ते याचसाठी: बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणणाऱ्याबरोबर बसून उघडा. माळ्यावर एकट्याने ठेवलेली वस्तू तशीच राहते, हे तुमचं खरं आहे.

रोखठोक

सहा महिन्यांचा नियम मी सोडणार नाही. सहा रेडिओ दिले. एक राहिलाय, देववला नाही. चिठ्ठीवर आहे: 'गुणगुण येते, स्टेशन लागत नाही.' याला काही अर्थ आहे का?

ओलीमाती

आहे. विजेवर चालणाऱ्या जुन्या रेडिओत सतत गुणगुण येत असेल तर आधी वीजपुरवठ्याच्या भागातले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बघतात. आतला द्रव वर्षानुवर्षांत सुकतो. स्टेशन न लागण्याचं कारण वेगळंही असू शकतं, ते नंतर बघू.

तो विजेला जोडून बघू नका. पिन काढलेली असू दे, मागचं झाकण उघडा आणि आत बोट न घालता फोटो काढून इथे टाका. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार उरतो. चिठ्ठीही फोटोत येऊ द्या.