मदत हवी आहे: पीएचडीच्या अर्जासाठी तिसरं शिफारसपत्र कोणाकडून घेऊ?

नमस्कार मंडळी, मी फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या डिसेंबरात थेट पीएचडीसाठी अर्ज करायचाय. बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं मागतात, दोन नक्की आहेत पण तिसऱ्यावर गाडी अडलीये. ज्या मॅडमच्या लॅबमध्ये मी आठ महिने काम करतेय त्या मला नीट ओळखतात, लेझर अलाइन करताना आरसा केसभर हलला की सगळं पहिल्यापासून, असे कित्येक दिवस आम्ही एकत्र काढलेत, त्यामुळे त्यांच्या पत्राची काळजी नाही. प्रोजेक्टचे सरही हो म्हणालेत.

तिसऱ्याचं काय करू? एका सरांच्या विषयात मला सगळ्यात जास्त मार्क आहेत पण वर्ग मोठा, त्यांना माझा चेहरासुद्धा आठवणार नाही, मग ते मार्कांपलीकडे लिहिणार काय? दुसरीकडे लॅबमधले पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावर तिथे संशोधन करणारे) रोज माझं काम बघतात पण ते प्राध्यापक नाहीत, चालेल का?

आणि जीआरई या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो म्हणून आत्ताच देऊन टाकू, की काही विभाग तो मागतच नाहीत तर तोच वेळ लॅबला देऊ? ज्यांनी अर्ज केलेत त्यांनी प्लीज सांगा, फार मनापासून करायचंय हे.