मदत हवी आहे: न्यूमोनियाचे उपचार झाले, पण एक्स-रेमधला डाग जात नाही

शेवंती: वडिलांना न्यूमोनिया झाल्यामुळे रुग्णालयात ठेवून शिरेतून प्रतिजैविके दिली. बरे वाटू लागल्यावर घरी आणले, परंतु कालच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातला पांढरा डाग जसाच्या तसा आहे. औषध लागू पडले नाही असे समजायचे का? कृपया लवकर सांगा.

दर्यासारंग: वय किती, आजाराला किती दिवस झाले, मधुमेह आहे का आणि ऑक्सिजन किती येतो, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

शेवंती: वय 68, मधुमेह आहे, पंधरा दिवस झाले, ऑक्सिजन 96. जोराचा ताप कधी नव्हताच. एका सकाळी सदऱ्याची बटणे लावता लावता ते थांबले आणि मला आत्याच्या नावाने हाक मारू लागले, तेव्हा आम्ही धावपळ केली.

माळकरी: माझ्या सासऱ्यांना लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिल्यावर आठवड्यात उतार पडला. तुम्हीही त्याचाच आग्रह धरा.

दर्यासारंग: कृपया असा आग्रह धरू नका. ते औषध क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते, त्यामुळे क्षय असल्यास तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. म्हातारपणी न्यूमोनियात ताप न येता असा भ्रमच आधी दिसू शकतो. आता त्यांची शुद्ध, भूक आणि श्वास सुधारला असेल, तर केवळ डागावरून औषध बदलण्याचे कारण नाही.

माळकरी: जंतू मेले असतील तर डाग उरेलच कसा?

पिंपळपान: वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, साचलेला द्रव आणि पेशी शरीराला हळूहळू शोषून घ्याव्या लागतात, आणि या वयात त्याला सहा ते बारा आठवडेही लागू शकतात. त्यानंतरही डाग राहिला तर सीटी स्कॅन करून गाठ नाही ना, हे पाहतात. खोकला किंवा वजनात घट आहे का?



शेवंती: वडील आता नीट ओळखतात, जेवतात. खोकला मात्र दोन महिन्यांपासून आहे आणि वजनही उतरले आहे. ते मधुमेहामुळे असेल असे धरून मी लिहिले नव्हते.

पिंपळपान: मग डॉक्टरांना हे आजच सांगा आणि बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी, तपासणी करायची का, ते विचारा. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

शेवंती: आताच फोन केला. उद्या सकाळी उठल्याबरोबरचा बेडका घेऊन बोलावले आहे.