वाळूच्या कणाने मोती होत नाही

गोव्यातल्या जुवारी नदीतल्या कालवांत वाळूचा कण सोडला तर मोती धरेल का, असं कुणीतरी विचारलंय. नाही धरणार. आपण गोव्यात रवा लावून तळतो त्या कालवांच्या शिंपल्याला आतून मोत्याची झळाळी देणारा थरच नसतो. मोत्याचा शिंपला वेगळा. तमिळनाडूतल्या तुतिकोरीनला १९७३ साली त्याच्यातच मोती पिकवण्यात यश आलं.

आणि खरं काम कणाचं नाहीच! दुसऱ्या शिंपल्यातल्या मांसल पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापून, शिंपल्यापासूनच घडवलेल्या गोल मण्याला टेकवून जननग्रंथीत बसवतात. तो तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी होते, तीच थरावर थर चढवते. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. तुकडा नीट टेकला नाही, तर महिनोन्‌महिने सांभाळूनही हाती कोरा मणीच येतो.