निकोलोसीची पुस्तकं आणि बापाच्या माथी फोडलेलं खापर

पूर्वाश्रमीचा_नगरकर
काल इथे एकाने लिहिलं की समलैंगिकता ‘बरी’ करता येते असं सांगणाऱ्या जोसेफ निकोलोसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पुस्तकं ॲमेझॉनने २०१९ साली विक्रीतून काढली ती निव्वळ सेन्सॉरशिप होती, पुस्तकं ‘प्रेमाने बरं करणारी’ आहेत आणि ज्याला नको त्याने वाचू नयेत. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नको त्याने वाचू नयेत! माझ्या वडिलांनी कुठे वाचली होती? जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी बावीस वर्षांचा असताना आमच्या चर्चच्या मंडळीतल्या समुपदेशकाने मला असल्याच अमेरिकन पुस्तकांतल्या प्रकरणांची झेरॉक्स दिली, स्पायरल बाइंडिंग करून. तेच ते: बाप अलिप्त, आई नको तितकी जवळ, म्हणून मुलगा असा. गृहपाठ काय, तर वडिलांना क्षमा करणारं पत्र लिही. द्यायचं नाही, नुसतं लिहायचं. तीन दिवस क्षमा करण्याजोगं काही सापडेना. शेवटी चौथीतल्या गॅदरिंगला ते आले नव्हते, ते लिहिलं. निवडणुकीच्या ड्युटीवर होते बिचारे.

पत्र बायबलमध्ये ठेवलं होतं, ते त्यांच्या हाती लागलं. ओरडले नाहीत. खाटेवर बसून पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाले, “त्या दिवशी आलो असतो तर हे झालं नसतं का रे?” त्यानंतर सात वर्षं जगले. दर नाताळला मला घ्यायला स्टँडवर यायचे, गाडीच्या तासभर आधी.

बॅसीनवाला
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण एका अर्धवट समुपदेशकापायी पुस्तकं का काढायची? आज निकोलोसी, उद्या बायबल. शिवाय तुम्ही सगळे ख्रिस्ती एका माळेत ओवता. आमचं कॅथलिक धर्मशिक्षण ‘तू बदलशील’ असं वचन कुणालाच देत नाही. आदराने वागवा म्हणतं, आणि ब्रह्मचर्य पाळायला सांगतं. बस्स.

इतिहासाचा_तास
त्याच धर्मशिक्षणाचं अधिकृत पुस्तक, परिच्छेद २३५७, असंही म्हणतं की समलैंगिकतेचं मानसिक मूळ बरंचसं अज्ञात आहे. निकोलोसी कॅथलिक असून त्याला मात्र मूळ नेमकं ठाऊक होतं: बाप.

बाकी ‘बरं होण्या’चा हिशोब त्यांच्याच लोकांनी मांडलाय. समलैंगिकांना ‘बदलू’ पाहणारी ख्रिस्ती संस्था एक्सोडस इंटरनॅशनल १९७६ साली निघाली. संस्थापकांपैकी मायकल बसी आणि संस्थेतलाच गॅरी कूपर १९७९ मध्येच बाहेर पडले, एकमेकांच्या प्रेमात. २०१२ मध्ये अध्यक्ष ॲलन चेंबर्स म्हणाला की आपण भेटलो त्यातल्या ९९.९ टक्के लोकांचा कल बदललेला नाही. पुढच्या वर्षी माफी मागून दुकान बंद. आणि ज्या मानसोपचारतज्ज्ञ स्पिट्झरच्या, ‘बदललो’ म्हणणाऱ्या २०० जणांच्या फोनवरच्या मुलाखती ही मंडळी झेंड्यासारख्या नाचवायची, त्यानेही २०१२ मध्येच माफी मागितली. १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्यात पुढे होता तो हाच स्पिट्झर!

देवगडकर
बाप दूर असला की मुलगा तसा होतो? मग आमच्या अख्ख्या कोकणाचं काय? घरटी एक बाप मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला दिसायचा, बाकी वर्षभर मनीऑर्डर. आम्ही सगळे आईच्या पदराखाली वाढलो. कॅलिफोर्नियाच्या त्या विद्वानाला एकदा एसटीने देवगडला आणायला हवा होता.

लालबाग_परळ
‘दिसायचा’ काय? तुमचा बाप खोलीत पंधरा जणांत पाळीने झोपायचा म्हणून तुम्ही शिकलात. ८२ च्या संपात माझ्या काकांनी सायनला भाजी विकली, गावाला कळू दिलं नाही. गिरणी कामगाराला अलिप्त बाप म्हणायच्या आधी जरा लाज बाळगा.

देवगडकर
अहो, मी तेच म्हणतोय! अलिप्त नव्हता, दूर होता. नीट वाचा की. मनीऑर्डरच्या कुपनवर निरोपाला जागा असायची ती चार बोटांची. आबा त्यातली अर्धी माझ्या शाळेला द्यायचे.

लालबाग_परळ
मग आधीच तसं लिहायचं. कोकणातले लोक मुंबईच्या जिवावर जगले आणि आता मुंबईवरच विनोद करतात.

देवगडकर
कोकणातल्या लोकांनी मुंबई उभी केली, साहेब. तुमच्या काकांनी सायनला विकली ती भाजी पिकवली कुणी?

लालबाग_परळ
नाशिकने.

मालनआत्या
बापांचं चाललंय ते चालू द्या. त्या सिद्धांतात आईही आहे, तिचं कुणी नावच काढत नाही. ‘नको तितकी जवळ’ म्हणजे किती इंच, ते मोजून सांगा म्हणावं.

निनावी_४१
मला पुरुष आवडतात, मी एकटा राहतो, श्रद्धेने, स्वखुशीने. हीच पुस्तकं मीही वाचलीत. त्याआधी प्रार्थनेने बरं करायच्या एका आरोग्यसभेत माझ्या डोक्यावर तेल ओतून दोघांनी दुरात्मा काढला होता. तेल कानात गेलं ते दोन दिवस निघालं नाही. त्यानंतर निकोलोसी वाचला तर तो निदान मला माणूस समजत होता. मी बदललो नाही आणि बदलायची वाटही बघत नाही. दोन्ही बाजूंनी मला पुरावा म्हणून वापरू नये.

इतिहासाचा_तास
नाही वापरत. तेवढं सांगतो की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले ‘उपचार’ डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवले. त्याआधी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तसं बजावलं होतं. पण स्पायरल बाइंडिंगवाल्याचा परवाना रद्द करणार कसा? त्याच्याकडे तो नसतोच. आणि बॅसीनवाला, आदराचं म्हणाल तर २०१३ च्या कौशल खटल्यात, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं तेव्हाचं कलम ३७७ टिकवायला सुप्रीम कोर्टात कोण उभं होतं? अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल...

बॅसीनवाला
त्यात कॅथलिक कोण होतं ते दाखवा. त्याच वर्षी मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस म्हणाले होते की चर्च या लोकांना गुन्हेगार मानत नाही.

इतिहासाचा_तास
बरं, हा मुद्दा दिला. गुन्हेगार नाही, तुमच्या धर्मशिक्षणाच्या शब्दांत नुसते ‘मुळातच विस्कळीत’. कृपाच म्हणायची.

बॅसीनवाला
ते कृत्याबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. पण तुम्हाला टोमणाच मारायचाय तर मारा. विषय पुस्तकबंदीचा होता, मनीऑर्डरचा नव्हता. बंदी चूक, यावर मी ठाम आहे. मात्र तसला गृहपाठ कुणी माझ्या मुलाला दिला तर त्याच्या घरी जाऊन भांडेन, हेही लिहून ठेवा.

पूर्वाश्रमीचा_नगरकर
जाताना मला फोन करा. पत्ता आहे माझ्याकडे.