लेक कॉर्नेलच्या बँडमध्ये आहे, मार्चमधल्या आइस हॉकी प्लेऑफला लेक प्लॅसिडला जावं का?

जर्सीवाली_आई
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत, मूळचे साताऱ्याचे, घरात क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी बघितलाच गेला नाही. लेक कॉर्नेलला दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या पेप बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, म्हणजे हॉकीची प्रत्येक होम मॅच ती स्टँडमध्ये उभं राहून वाजवत असते आणि फोनवर अर्धा वेळ तेच सांगत असते. आता म्हणते टीम पुढे गेली तर मार्चमध्ये ईसीएसीच्या, म्हणजे त्यांच्या ग्रुपच्या, सेमी आणि फायनलला लेक प्लॅसिडला बँड जाणार, तुम्ही दोघं याच. नवरा म्हणतो ही काही नॅशनल चॅम्पियनशिप नाही, आपापल्या ग्रुपची स्पर्धा आहे, त्यासाठी पाच-पाच तास बर्फातून गाडी कशाला चालवायची, जायचं तर नॅशनलला जाऊ. मला यातलं काही कळत नाही म्हणून विचारते, ही कॉन्फरन्स प्लेऑफ म्हणजे नेमकं काय असतं आणि तिला एवढं महत्त्व का? शिवाय या खेळात मारामारी फार होते म्हणतात, ते बघवेल का मला?

बॉस्टनचा_बंड्या
ताई, दादांना सांगा की बऱ्याच टीमसाठी नॅशनलला जायचा दरवाजाच हा आहे.
बघा, पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज हॉकीचा सगळ्यात वरचा स्तर) सहा कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे ग्रुप, अटलांटिक, बिग टेन, सीसीएचए, ईसीएसी, हॉकी ईस्ट आणि एनसीएचसी. नॅशनलला फक्त 16 टीम घेतात. त्यातल्या सहा जागा या सहा स्पर्धा जिंकणाऱ्यांना थेट, उरलेल्या 10 वर्षभराच्या कामगिरीच्या आकडेवारीवरून. म्हणजे ज्यांचं वर्ष भारी गेलंय ते प्लेऑफ हरले तरी आत असतात, पण ज्यांचं मधलंच गेलंय त्यांना ही स्पर्धा जिंकली तरच पुढे, नाहीतर त्या रात्रीच सीझन खलास आणि फायनल इयरच्या पोरांचं कॉलेज हॉकी तिथंच संपतं. एकाच मॅचमध्ये एका टीमसाठी ती तयारी असते आणि दुसरीसाठी सगळं आयुष्य असतं, म्हणून या मॅचेस इतक्या चुरशीच्या होतात.
आमच्याकडे हॉकी ईस्टमध्ये 11 टीम, सगळं एका मॅचवर, हरलात की घरी, आणि सेमी-फायनल बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियमला. 2025 ला मेन युनिव्हर्सिटी जिंकली, 2004 नंतर पहिल्यांदा, मी होतो तिथं, 21 वर्षं वाट बघितलेली माणसं मेनहून खाली आलेली, गार्डन नुसतं निळं दिसत होतं आणि माझ्या शेजारचे एक आजोबा फायनल संपल्यावर कितीतरी वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत, नुसते बर्फाकडे बघत बसलेले. (आणि कुणी बीनपॉट म्हणालं तर ते वेगळं हं, ती बॉस्टनच्या चार कॉलेजांची फेब्रुवारीतली स्पर्धा, तिचा प्लेऑफशी संबंध नाही.)
मारामारीची काळजी करू नका. ते टीव्हीवरचं एनएचएल, म्हणजे व्यावसायिक लीग. कॉलेजात मारामारी केली की मॅचमधून बाहेर आणि पुढची मॅचही गेली, शिवाय सगळ्यांच्या तोंडाला पूर्ण जाळी असते. धक्काबुक्की मात्र जोरात होते, काचेवर माणूस आदळला की पहिल्यांदा दचकायला होतं.

इथाका_रिटर्न
मी कॉर्नेलचाच, त्यामुळे मला गप्प बसवणार नाही. काकू, 2025 ची गोष्ट ऐका आणि मग ठरवा.
त्या वर्षी आपली टीम ईसीएसीत सहावी आली होती. 12 टीममध्ये पहिल्या चार जणींना पहिली फेरी खेळावी लागत नाही, आपल्याला लागली, येलला हरवलं, मग क्वार्टर फायनल (ती बेस्ट ऑफ थ्री असते) कोलगेटच्या घरी जाऊन, मग लेक प्लॅसिडला सेमीत पहिल्या नंबरची क्विनिपिॲक, तिला ओव्हरटाइममध्ये 3-2, आणि फायनलला क्लार्कसनला 3-1. ही ट्रॉफी, व्हाइटलॉ कप म्हणतात तिला, मिळाली नसती तर नॅशनलचं नावच नव्हतं. कोच माइक शेफर यांचं ते शेवटचं वर्ष, याच कॉलेजात खेळलेला माणूस, 30 वर्षं याच टीमला शिकवलं, म्हणजे प्रत्येक मॅच त्यांची शेवटची ठरू शकत होती आणि पोरं ती संपूच देत नव्हती. पुढे नॅशनलला पहिल्याच मॅचला मिशिगन स्टेटला 4-3 नं काढलं आणि मग बीयूकडून (बॉस्टन युनिव्हर्सिटी) ओव्हरटाइमला 3-2 हरलो. ते हरणंसुद्धा मला अजून आठवतं, पण लेक प्लॅसिडची शनिवारची रात्र जास्त आठवते.
आणि जागा बघा ना. डोंगरातलं छोटं गाव, 1932 आणि 1980 ची हिवाळी ऑलिंपिक तिथं झाली, आणि ही मॅच ज्या हर्ब ब्रूक्स अरेनात होते तिथंच 22 फेब्रुवारी 1980 ला अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी सोव्हिएत युनियनला 4-3 हरवलं. आपली लेक त्याच छपराखाली ट्रॉम्बोन वाजवणार! बँडशिवाय कॉर्नेलची मॅच म्हणजे पखवाजाशिवाय भजन.

जर्सीवाली_आई
अहो डोळ्यात पाणी आलं वाचताना. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, तो आता रूट बघतोय. एकच विचारायचं, मॅच बरोबरीत राहिली तर किती वेळ चालते? म्हणजे रात्री परत निघता येईल का?

मिनेसोटाकर_विनू
काकू परत निघायचा विचारच करू नका, रूम घ्या आणि लवकर घ्या, गाव लहान आहे. साध्या सीझनमध्ये बरोबरी झाली तर पाच मिनिटं थ्री-ऑन-थ्री (दोन्हीकडून तीन-तीनच खेळाडू) आणि मग गरज पडली तर शूटआउट, पण प्लेऑफमध्ये ते नाही, पूर्ण 20-20 मिनिटांचे ओव्हरटाइम, पहिला गोल होईपर्यंत. 2010 ला ईसीएसीच्याच क्वार्टर फायनलला क्विनिपिॲक आणि युनियन पाच ओव्हरटाइम खेळले, 150 मिनिटं 22 सेकंद. 2015 ला हॉकी ईस्टमध्ये यूमास (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटी) आणि नोत्र दाम, 151 मिनिटं 42 सेकंद, तो रेकॉर्ड. साधी मॅच 60 मिनिटांची असते, म्हणजे अडीच मॅच एका रात्रीत.
आणि आमच्या मॅनकॅटोची सांगतो, मिनेसोटा स्टेट इथलीच. 2022, सीसीएचएची फायनल, मिनेसोटा स्टेट विरुद्ध बेमिजी स्टेट. ओव्हरटाइमला मिनेसोटा स्टेटचा गोल झाला, जल्लोष, कप हातात, टीम आत गेल्या. मग दुसऱ्या अँगलच्या व्हिडिओत दिसलं की गोलपोस्ट उचलली गेली होती आणि पक (हॉकीची रबरी चकती) बाजूच्या खालून आत सरकलेला. तासाभराहून जास्त वेळ गेल्यावर दोन्ही टीमना परत बर्फावर बोलावलं! मिनेसोटा स्टेटनं पुन्हा गोल केला, 2-1. पण माझा जीव बेमिजीसाठी तुटला, कारण त्यांचं नॅशनल या एकाच मॅचवर होतं, एकदा हरून कपडे बदलायला गेलेली पोरं आशेनं परत आली आणि दुसऱ्यांदा हरली. मॅनकॅटोत राहतो तरी त्या रात्री मला नीट आनंद करता आला नाही.

इथाका_रिटर्न
काकू तिकीट काढताना लेकीला विचारून बँड बसतो त्या बाजूचंच घ्या. जाड जॅकेट आणि मोजे न्या, आतही थंडी असते. लाल घाला, दोघंही. आणि शुक्रवारी सेमी, शनिवारी फायनल, त्यामुळे रूम दोन रात्रींची घ्या, शुक्रवारी हरू वगैरे मनातसुद्धा आणू नका.