एकाच पाणी वापर संस्थेवरून सिद्धांत तपासता येतो का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, नाशिक):
नमस्कार. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावरची एक पाणी वापर संस्था (कालव्याचे पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था) मी पीएच.डी.साठी निवडली आहे. सामाईक साधन सर्वांना खुले असले की जो तो स्वतःपुरते पाहतो आणि ते साधन संपते, हा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ मधला सिद्धांत तिच्यावरून तपासण्याचा विचार आहे. एका उदाहरणावरून काहीच तपासले जात नाही, त्यापेक्षा दोनशे सभासदांकडून प्रश्नावली भरून आणा, असे मार्गदर्शक सरांचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर १:
सरांचा मान राखून सांगतो, एकाच संस्थेतले दोनशे सभासद विचारले तरी संस्था एकच राहते. सिद्धांत संस्थेच्या पातळीवरचा असेल, तर उदाहरणांची संख्या त्यामुळे वाढत नाही. एकच उदाहरण घ्यायचे तर ते असे निवडावे, की सिद्धांत तिथेच टिकणे सर्वांत अवघड असेल. रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये, संघटना वाढली की सत्ता मूठभरांच्या हाती जाते हे दाखवण्यासाठी लोकशाहीचा आग्रह धरणारे समाजवादी पक्षच घेतले होते, ते याच कारणाने.

उत्तर २:
मला अडचण वेगळीच दिसते. हार्डिन यांनी उदाहरणादाखल घेतलेले गुरे चारण्याचे कुरण कोणालाही खुले होते. आपल्याकडे सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्याने संस्थेचे लाभक्षेत्र, सभासद आणि पाण्याचा कोटा ठरलेला असतो. म्हणजे ही संस्था त्या सिद्धांताच्या कक्षेतच येत नाही, आणि मौखिकीत पहिला प्रश्न हाच येईल. मात्र सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी यांवाचून गत्यंतर नाही, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष तुम्हाला तपासता येईल. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये त्यालाच हरकत घेतली होती.

उत्तर ३:
वाघाड पाणीवाटपासाठी नावाजलेले आहे म्हणून तर निवडले नाही ना? निकाल ठाऊक असलेले उदाहरण घेणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून पेपर लिहिणे. त्याच कालव्यावरची एखादी रखडलेली संस्थाही घ्या. शिवाय सभासद काय सांगतात, त्याआधी आवर्तनाची (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीची) नोंदवही पाहा. जो तो स्वतःपुरते पाहत असेल, तर उन्हाळी आवर्तनात हेडच्या (कालव्याच्या सुरुवातीच्या) चाऱ्यांची पाळी लांबत जाईल आणि टेलला (शेवटच्या टोकाला) पाणी उशिरा व कमी पोचेल. तारखा आणि मोजमाप यांतून ते उघड होईल. तसे दिसले नाही, तर कोणत्या नियमामुळे आणि कोणी गेट बंद केल्यामुळे, हे एकेका पाळीमागे जाऊन शोधावे लागेल.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उत्तर २ मधला मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. प्रकरणाचे शीर्षक बदलावे लागेल. नोंदवह्या अजून उघडलेल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही संस्थांविषयीचा अंदाज आधी लिहून, तारीख घालून सरांकडे देते आणि मगच संस्थेच्या कार्यालयात जाते.