महाविद्यालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा: मुलं नंतरही टिकावीत म्हणून काय करावं?

ग्रंथालय_कट्टा:
२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, विकिपीडिया संपादनाची कार्यशाळा ठेवतोय. ४० विद्यार्थी, संगणक कक्ष, एकच वाय-फाय. अशा कार्यशाळांनंतर बहुतेक खाती निपचित पडतात. मुलं तिथल्या जुन्या संपादकांत मिसळावीत यासाठी आधी काय तयारी हवी?

चावडीवाचक:
पहिली अडचण खात्यांचीच. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) २४ तासांत फक्त ६ नवी खाती उघडता येतात. कक्षातले सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, म्हणजे ३४ मुलं नुसती बसून राहतील. दोन-तीन दिवस आधी घरून, आपापल्या मोबाइल डेटावर खाती उघडायला सांगा. मोबाइल कंपन्याही एकच पत्ता अनेकांना देतात, तेव्हा तिथंही कधी नकार येतो. म्हणून हाताशी दिवस ठेवा. फॅब्रिकेटरवर, म्हणजे विकिपीडियाच्या तांत्रिक विनंत्या नोंदवायच्या संकेतस्थळावर, या मर्यादेतून सूटही मागता येते. त्यासाठी बाह्य आयपी, तारीख, वेळ आणि अंदाजे संख्या कळवावी लागते, तीही निदान आठवडाभर आधी. महाविद्यालयाच्या नावानं सामाईक खातं मात्र काढू नका, ते अडवलं जातं.

तळटीप_हवी:
४० जणांकडून ४० नवे लेख लिहून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. दोन ओळींचे बिनसंदर्भ लेख वगळले जातात, वर्तमानपत्रातून उचललेला मजकूर प्रताधिकारभंग म्हणून उडतो, आणि पहिलंच लिखाण पुसलं गेलं की मूल परत फिरकत नाही. आपल्या तालुक्याविषयीचे आधीच असलेले १० लेख निवडा, चौघांना एक. प्रत्येकानं वेगळा विभाग घ्यायचा, नाहीतर जतन करताना एकमेकांचे बदल आडवे येतात. ग्रंथालयातली पुस्तकं टेबलावर ठेवा. पान क्रमांकासह दिलेला एक संदर्भसुद्धा पक्कं योगदान आहे, आणि तो सहसा कुणी काढत नाही.

चावडीवाचक:
संदर्भांचं अगदी खरं. आणखी एक: व्हॉट्सॲप गट वेळ-जागा कळवण्यापुरताच ठेवा. लेखाबद्दल तिथं ठरलेलं इतर संपादकांना दिसत नाही. त्यांनी बदल उलटवला की मुलांना अन्याय वाटतो. बोलणं लेखाच्या चर्चापानावरच व्हावं. शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकले की सही आणि वेळ आपोआप उमटते. चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या सर्वांच्या चर्चेच्या पानावर, आठवडाभर आधी तारीख आणि लेखांची यादी टाका, म्हणजे जुनी मंडळी त्या पानांवर लक्ष ठेवतील आणि मुलांच्या चर्चापानावर लिहितील. त्याची सूचना ईमेलवरही मिळू शकते, पण खात्यात ईमेल पत्ता भरून पक्का केलेला असेल तरच. कार्यशाळेत हे तपासाच; ईमेल नसेल आणि पासवर्ड विसरला, तर ते खातं गेलंच समजा.